सॉफ्टवेअर ‘टाकून देणं’: दुकानदाराच्या मानेवर नेमकं काय येतं?

प्रश्न, थोडक्यात: सर, लातूरला माझं कॉम्प्युटर विक्री-दुरुस्तीचं दुकान आहे. असेंबल मशीन घेणारं प्रत्येक गिऱ्हाईक विंडोज, ऑफिस, फोटोशॉप, कोरल आणि अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर सगळं ‘टाकूनच’ मागतं. सॉफ्टवेअरचे पैसे मी घेत नाही, फॉरमॅटिंगचे फक्त ५०० रुपये घेतो. नाही म्हटलं की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं. हा खरंच गुन्हा आहे, की नुसती कंपन्यांची भीती? आणि सगळेच करायलेत, तर त्यात मी एकट्यानेच काय पाप केलं? गेल्या आठवड्यात ‘अँटी-पायरसीवाला’ म्हणून एक जण दुकानात येऊन दम देऊन गेला, तेव्हापासून झोप उडाली आहे.

उत्तर:

गुन्हा आहे. दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात, आणि अजामीनपात्रही आहे. त्या अँटी-पायरसीवाल्याबद्दल शेवटी बोलतो, कारण त्याची भीती आणि कायद्याची भीती या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि तुमच्या मनात त्यांची खिचडी झाली आहे.

मी छत्रपती संभाजीनगरला वकिली करतो, जिल्हा न्यायालयात आणि खंडपीठातही. त्याआधी काही वर्षं कॉम्प्युटर क्लास चालवला, त्यामुळे ‘टाकून द्या’ म्हणजे काय हे मला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

आपल्याकडे कॉम्प्युटर प्रोग्रॅमला कॉपीराइट कायदा, १९५७ लागू होतो. या कायद्यात प्रोग्रॅमची गणना साहित्यकृतीत केली आहे. म्हणजे कादंबरीकाराला त्याच्या कादंबरीवर जो हक्क, तोच प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला त्याच्या प्रोग्रॅमवर. प्रत काढण्याचा, विकण्याचा, भाड्याने देण्याचा हक्क त्याचा. तुम्ही पेनड्राइव्हमधून गिऱ्हाइकाच्या एसएसडीवर फोटोशॉप चढवता तेव्हा एक नवी प्रत तयार होते, आणि ती काढायची परवानगी तुमच्याकडे नसते. कलम ६३ म्हणतं की जाणूनबुजून असं करणाऱ्याला किंवा त्याला साथ देणाऱ्याला किमान ६ महिने आणि कमाल ३ वर्षं कैद, शिवाय ५० हजार ते २ लाख रुपये दंड. पुन्हा दोषी ठरलात तर कलम ६३-ए लागतं आणि किमान शिक्षा १ वर्षावर, दंड १ लाखावर जातो. क्रॅक करून कुलूपच तोडलं असेल तर २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५-ए आहे, त्यात २ वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

अजामीनपात्र की जामीनपात्र, यावर वकिलांमध्ये बरीच वर्षं वाद होता. वेगवेगळ्या उच्च न्यायालयांनी वेगवेगळं सांगितलं होतं. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘निट प्रो इंटरनॅशनल’ प्रकरणात तो मिटवला: कलम ६३ दखलपात्र आणि अजामीनपात्र. याचा अर्थ असा नाही की गुन्हा दाखल झाला की लगेच बेड्या पडतात. ७ वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसांनी सरसकट अटक करू नये, आधी हजर राहण्याची नोटीस द्यावी, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच सांगितलं आहे, आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ मध्येही ही नोटीस आहे. पण अटक झालीच तर जामीन ठाण्यातून मिळत नाही, न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं राहावं लागतं. आणि अटक शुक्रवारी संध्याकाळी झाली असेल तर पुढचे दोन दिवस कसे जातात, ते ज्याच्या घरच्यांनी काढलेत त्यांनाच विचारा.

आता तुमच्या मुख्य बचावाकडे येऊ. ‘मी सॉफ्टवेअरचे पैसे घेत नाही.’

मराठवाड्यातला जवळपास प्रत्येक दुकानदार हे वाक्य म्हणतो आणि मनापासून म्हणतो. कायद्यात ते टिकत नाही. कलम ६३ च्या गुन्ह्यासाठी पैसे घेतले असलेच पाहिजेत अशी अटच नाही. पैशाचा मुद्दा येतो तो फक्त शिक्षा कमी करताना: ‘व्यापार-धंद्यातल्या फायद्यासाठी’ केलेलं नसेल, तर न्यायालय निकालपत्रात खास कारणं नोंदवून किमान शिक्षेच्या खाली जाऊ शकतं. तुमच्यासाठी ते दार बंद आहे. तुम्ही ते मशीन विकता यावं म्हणूनच सॉफ्टवेअर टाकलंत. तुमच्याच प्रश्नात लिहिलंय की नाही म्हटलं तर गिऱ्हाईक शेजारी जातं. यालाच धंद्यातला फायदा म्हणतात. हार्डवेअर विकताना हार्ड डिस्कवर सॉफ्टवेअर भरून देण्याला कायद्याच्या भाषेत ‘हार्ड डिस्क लोडिंग’ असं स्वतंत्र नावच पडलं आहे, आणि अशाच एका विक्रेत्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टला सुमारे २० लाख रुपयांची भरपाई मंजूर केली होती. तो दिवाणी दावा होता. कैदेची भीती नसलेल्या दाव्यात दुकान विकावं लागेल एवढी रक्कम. भरपाई मोजताना रोज किती मशीन विकली जातात, वर्षाला किती, एका लायसन्सची किंमत किती, असा सरळ गुणाकार मांडला जातो. तुमची जीएसटीची बिलंच त्या गुणाकाराचा पुरावा होतात.

‘जाणूनबुजून’ या शब्दावर काही जण आशा ठेवून असतात. मला माहीतच नव्हतं, असं म्हणू. तुमच्या टेक्निशियनच्या पेनड्राइव्हवरचं फोल्डर उघडा. आत सेटअप, त्याच्या शेजारी ‘क्रॅक’ नावाचं फोल्डर, त्यात ‘रीडमी’ नावाची फाइल, आणि तिची पहिली ओळ: आधी इंटरनेट बंद करा, मग अँटिव्हायरस बंद करा. ही ओळ वाचून तशी कृती करणाऱ्या माणसाला माहीत नव्हतं, हे कोणता न्यायाधीश मान्य करेल?

गुन्हा कसा उभा राहतो हेही सांगतो, कारण लोकांची समजूत अशी आहे की छापा म्हणजे मुंबई-पुण्याची गोष्ट. कंपनीची अधिकृत एजन्सी आधी गिऱ्हाईक बनून येते. एक साधं मशीन घेते, ‘सगळं टाकून द्या’ म्हणते, पक्कं बिल घेते. ते मशीन तपासून अहवाल तयार होतो, मग पोलिसांकडे तक्रार. कलम ६४ खाली फौजदार किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी वॉरंटशिवाय प्रती आणि त्या बनवायची साधनं जप्त करू शकतो. साधनं म्हणजे तुमचा पेनड्राइव्ह, तुमची बाह्य हार्ड डिस्क, काउंटरवरचा सीपीयू. आणि त्या वेळी दुकानात जे जे मशीन आहे ते पोलिसांना सारखंच दिसतं.

इथे थोडा थांबतो, कारण यातच सगळ्यात जास्त माणसं होरपळताना मी पाहिली आहेत. ऐन लग्नसराईत एका दुकानावर कारवाई झाली. दुरुस्तीला आलेला एका फोटोग्राफरचा सीपीयू टेबलवर उघडा पडला होता, त्यात तीन लग्नांचं शूटिंग. पंचनाम्यात तो सीपीयू मुद्देमाल म्हणून गेला. फोटोग्राफरचा गुन्ह्याशी काडीचा संबंध नव्हता. वऱ्हाडी मंडळी त्याच्या घरी, तो दुकानदाराच्या घरी, दुकानदार माझ्याकडे. जप्त झालेल्या मालात ज्याचा हक्क गुंतला आहे त्याला जप्तीपासून १५ दिवसांत न्यायदंडाधिकाऱ्याकडे परत मिळण्यासाठी अर्ज करता येतो, ही तरतूद त्याच कलमात आहे. तो अर्ज केला आणि मशीन सुटलं. पण मधल्या काळात त्या पोराची पुढच्या हंगामाची कामं गेली. त्याने दुकानदाराला कोर्टात खेचलं नाही, एवढंच.

दुसरा होरपळतो तो टेक्निशियन. आठ-दहा हजार पगारावर ठेवलेलं कुणाचं तरी लेकरू, आयटीआय नाहीतर डिप्लोमा अर्धवट सोडलेलं. प्रत्यक्ष प्रत काढणारा हात त्याचा असतो. मालक म्हणतो ‘मी तर काउंटरवर होतो’. भागीदारी फर्म असेल तर कलम ६९ खाली धंदा सांभाळणारे भागीदार गुन्ह्यात येतातच, पण म्हणून पोरगं सुटतं असं नाही. सरकारी नोकरीचा फॉर्म भरताना गुन्हे प्रलंबित आहेत का, या रकान्यात त्याला ‘होय’ लिहावं लागतं. तुमच्या दुकानातला मुलगा पोलीस भरतीची तयारी करत नाही ना, एकदा विचारून घ्या. आपल्या भागात निम्मी पोरं करतात.

गिऱ्हाईकही सुटत नाही. कलम ६३-बी हे वापरणाऱ्यासाठी आहे: बेकायदा प्रत आहे हे माहीत असताना ती कॉम्प्युटरवर वापरली, तर ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. धंद्यासाठी वापरली नसेल तर न्यायालय कैद टाळून ५० हजारांपर्यंतचा दंड ठोकू शकतं. म्हणजे घरी शिकणारा विद्यार्थी आणि वाळूजला मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणारा वर्कशॉपवाला यांत कायद्यानेच फरक केला आहे. वाळूज आणि चिकलठाण्याच्या एमआयडीसीत डिझाइनची महागडी सॉफ्टवेअर वापरणाऱ्या लहान युनिटांना अशा नोटिसा येतात, कारण इंटरनेटला जोडलेली ही सॉफ्टवेअर आपण कुठे आणि कसे चालतोय ते परस्पर कळवतात. नोटीस आली की मालक आधी काय करतो? ‘फॉरमॅट मार’ म्हणून तुम्हाला फोन करतो. तो फोन आला तर जाऊ नका. पुरावा म्हणून लागेल अशी इलेक्ट्रॉनिक नोंद मुद्दाम नष्ट करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि त्यात तुमचं नाव नव्याने गोवलं जाईल.

यापुढची पायरी आणखी वाईट: क्रॅक टाकून ‘ओरिजिनल आहे’ सांगणं. बिलावर ‘विंडोज प्रो’ लिहायचं, पैसे लावायचे आणि आत ॲक्टिव्हेटर, म्हणजे परवाना नसताना तो आहे असं भासवणारा प्रोग्रॅम, चालवायचा. इथे कॉपीराइटच्या जोडीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ येतं, म्हणजे जुनं ४२०. त्यात ७ वर्षांपर्यंत कैद आहे. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद शाळा, पतसंस्था यांच्या खरेदीत तर निविदेतच परवानाधारक ऑपरेटिंग सिस्टीमची अट असते. तिथे असं केलंत तर फसवणूक सरकारी पैशाची होते आणि काळ्या यादीत नाव जातं ते वेगळंच. गिऱ्हाईक ग्राहक आयोगातही जाऊ शकतं.

मधली एक पळवाट सध्या जोरात आहे: ऑनलाइन चारशे-पाचशे रुपयांना मिळणारी ‘लाइफटाइम की’, म्हणजे सॉफ्टवेअर सुरू करायचा कोड. दुकानदाराला वाटतं, आपण आता सुटलो. यांतल्या कित्येक की कुठल्यातरी संस्थेने घाऊक घेतलेल्या लायसन्सच्या असतात, किंवा जुन्या ब्रँडेड मशीनसोबत आलेल्या असतात, ज्या त्याच मशीनपुरत्या असतात. की चालली म्हणजे परवाना मिळाला असं नाही. भंगारातल्या लॅपटॉपचा स्टिकर सोलून नव्या कॅबिनेटवर चिकटवणारेही मी पाहिलेत, आणि ते करताना ते किती मन लावून करतात! कंपनीने ती की बंद केली की सहा महिन्यांनी गिऱ्हाईक तुमच्याच दारात येतं.

आता पापाचा प्रश्न. खरं तर तुम्ही हा विचारलात म्हणून एवढं लांब उत्तर लिहितोय. नुसती कलमं विचारली असती तर चार ओळींत आटोपलं असतं.

‘अमेरिकेतल्या कंपनीला काय फरक पडतो’ हा युक्तिवाद मला पूर्ण खोटा वाटत नाही. डॉलरच्या हिशेबाने ठरलेली किंमत किनवटच्या आश्रमशाळेतल्या पोराने भरावी, असं मी म्हणणार नाही. त्याने क्रॅक वापरून फोटोशॉप शिकलं तर त्याला चोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही, कायदा काहीही म्हणो. पण त्या पोराला पुढे करून आपण मागे लपायचं, हे बरोबर नाही. तुम्ही तो पोरगा नाही. तुमच्या दुकानातून गेलेल्या दहा मशीनपैकी शाळकरी पोरांची किती आणि मोंढ्यातल्या अडत्यांची, क्लासवाल्यांची, फ्लेक्सवाल्यांची, सीएंच्या ऑफिसांची किती, हे तुम्हीच मोजा.

आणि नुकसान अमेरिकेत होतं, हेही तितकंसं खरं नाही. पहिलं नुकसान होतं ते त्या गिऱ्हाइकाचं, ज्याने तुमच्यावर भरवसा टाकला. तुम्ही जो ॲक्टिव्हेटर वापरता तो कसा चालतो, कधी पाहिलंय? मोठ्या संस्थांसाठी मायक्रोसॉफ्टची केएमएस नावाची व्यवस्था आहे. त्यात ॲक्टिव्हेशन १८० दिवसांचं असतं आणि मशीन संस्थेच्या सर्व्हरकडून ते मुदतीआधी वाढवून घेत राहतं. क्रॅक काय करतो, तर तुमच्या गिऱ्हाइकाच्या मशीनमध्येच एक खोटा सर्व्हर बसवतो आणि तो जिवंत ठेवायला सर्वोच्च अधिकारांनिशी चालणारं एक काम कायमचं मागे सोडतो. कुणी लिहिलं, माहीत नाही. आत आणखी काय आहे, माहीत नाही. आणि अँटिव्हायरसने त्याला पकडू नये म्हणून तुम्ही स्वतःच्या हाताने त्याला सूट देऊन आलेले असता. त्याच मशीनवर तो अडत्या शेतकऱ्यांच्या पट्ट्या काढतो आणि बँकेचे व्यवहार करतो.

जालन्याच्या मोंढ्यातल्या एका अडत्याकडे मार्चअखेरीस हेच झालं. सकाळी मशीन उघडलं तर सगळ्या फायलींची नावं बदललेली, प्रत्येक फोल्डरमध्ये एक चिठ्ठी: किल्ली हवी तर ९८० डॉलर, ७२ तासांत दिले तर निम्मे, ४९०. ‘स्टॉप’ नावाच्या रॅन्समवेअरची, म्हणजे फायलींना कुलूप घालून खंडणी मागणाऱ्या व्हायरसची, ही ठरलेली चिठ्ठी, आणि हे रॅन्समवेअर पसरतं ते मुख्यतः क्रॅकच्या डाउनलोडमधूनच. बॅकअप होता, पण त्याच मशीनच्या डी ड्राइव्हवर, तोही गेला. मुनीमजींनी कच्च्या वह्यांवरून हिशेब पुन्हा उभा केला. शेठ मला म्हणाले, ‘वकीलसाहेब, त्यानं मला सांगितलं असतं की हे खोटं हाय, तर मी काय पैसे देलो नसतो का?’ कदाचित दिले असते, कदाचित नसते. पण त्यांना विचारलंच गेलं नव्हतं. माझ्या मते तुमच्या धंद्यातली नैतिक चूक नेमकी इथे आहे. गिऱ्हाइकाच्या वतीने धोका तुम्ही पत्करता, आणि भोगतं ते.

दुसरं नुकसान तुमच्या गल्लीतल्या त्या दुकानदाराचं, जो लायसन्सचं कोटेशन देतो. त्याचं कोटेशन तुमच्यापेक्षा पंधरा-वीस हजारांनी जास्त दिसतं आणि गिऱ्हाईक त्याला लुटारू समजतं. ‘आमच्या साडूच्या मशीनला तर फुकट टाकून देलं, तुम्हीच कामून पैसे मागायले?’ हे वाक्य त्याने किती वेळा ऐकलं असेल!

तिसरं नुकसान मराठी माणसाचं, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. डीटीपीच्या जमान्यात मराठी फॉन्टची सॉफ्टवेअर डोंगल लावून यायची; डोंगल म्हणजे कॉम्प्युटरला जोडल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही अशी छोटी किल्ली. ती बनवणारी माणसं आपलीच होती. मराठवाड्यातल्या तालुक्या-तालुक्यांत लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं, साप्ताहिकं ज्या फॉन्टवर छापली गेली, त्यांतली किती दुकानं डोंगल विकत घेऊन चालत होती? अडत दुकानांसाठी, पतसंस्थांसाठी, शाळांच्या निकालपत्रांसाठी छोटे प्रोग्रॅम लिहिणारी पोरं आपल्या जिल्ह्यांतही आहेत. एका दुकानाला विकलं की महिनाभरात बाजारातल्या इतर दुकानांत तेच फिरतं. मग ती पोरं पुण्याला नोकरी धरतात आणि आपण म्हणतो इथे आयटी येत नाही.

लातूरकरांना एक उदाहरण लगेच पटेल. शिकवणीवाले सर टेलिग्रामवर आपले व्हिडिओ आणि टेस्ट सिरीज फुकट फिरताना पाहतात तेव्हा त्यांचा संताप बघण्यासारखा असतो, आणि तो रास्तही आहे. त्यांनाही तेच कलम ६३ मदतीला येतं. मात्र ते व्हिडिओ ज्या मशीनवर एडिट होतात तिथलं सॉफ्टवेअर बहुतेक वेळा तुमच्यासारख्याच कुणीतरी टाकून दिलेलं असतं. तक्रार करण्याआधी आपलं घर नीट करून घ्या, असं मी त्यांना सांगतो, कारण उलटतपासणीत समोरचा वकील पहिला प्रश्न तोच विचारतो.

मग करायचं काय? धंदा बंद करा, असं सांगणं मला सोपं आहे, म्हणून सांगत नाही.

कोटेशन दोन प्रकारे द्या. एकात परवानाधारक विंडोज स्वतंत्र ओळीत, किमतीसह. दुसऱ्यात मशीन लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकून. गिऱ्हाइकाकडून ‘सॉफ्टवेअरची जबाबदारी माझी’ असं लिहून घेण्याची आयडिया काही जणांनी काढली आहे. प्रत तुम्हीच काढली असेल तर त्या कागदाला शून्य किंमत आहे, उलट तुम्हाला माहीत होतं याचा तो लेखी पुरावा होतो. ‘आम्ही फक्त हार्डवेअर विकतो’ ही पाटीही तशीच, आतल्या खोलीत पेनड्राइव्ह फिरत असेल तर.

फुकटात कायदेशीर काय मिळतं, याची माहिती बहुतेक दुकानदारांना नसते. ऑफिसच्या कामाला लिबरऑफिस पुरतं. अर्ज, पत्रं, साधे हिशेब यांना काही कमी पडत नाही. मराठीसाठी ‘मुक्त’ नावाच्या फॉन्टसारखे खुल्या परवान्याचे युनिकोड फॉन्ट आहेत, ते मोकळेपणाने वाटता येतात. व्हिडिओ एडिटिंगला दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती लग्नाच्या शूटिंगला भरपूर आहे. कॉमर्सच्या पोरांना शिकायला टॅली स्वतःच एज्युकेशनल मोड देते. त्यात महिन्यातल्या ठरावीक तारखांच्याच नोंदी होतात, पण शिकायला तेवढं बास. ऑटोकॅड विद्यार्थ्यांना शैक्षणिक ओळखीवर मोफत मिळतं. खोटं सांगत नाही, सगळीकडे हे जमत नाही. फ्लेक्सवाल्याला कोरलची फाइल इंकस्केप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये जशीच्या तशी उघडून मिळत नाही, आणि छपाईच्या रंगांच्या कामात फोटोशॉपचा मोफत पर्याय असलेला गिंप कमी पडतो. तिथे सरळ सांगा: या मशीनवर तुम्ही महिन्याला चाळीस-पन्नास हजार कमावणार, तर कोरल विकत घ्या किंवा भाड्याने घ्या. बिल त्याच्या नावाने निघू द्या, तुमच्या नावाने नको. आणि खाजगी मर्यादित कंपनी असलेल्या गिऱ्हाइकाला आठवण द्या की १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची नोंद राहणारी सोय सक्तीची आहे. बंद न करता येणारी. जुन्या क्रॅकवर बसून ती अट पाळता येत नाही, आणि ऑडिटरला त्याबद्दल अहवालात लिहावं लागतं. माझ्या अनुभवात अडत्याला कलम ६३ सांगून फरक पडत नाही. कंपनीच्या मालकाला ऑडिटरचं नाव सांगितलं की पडतो.

आधी विकलेल्या मशीनचं काय, असा प्रश्न तुमच्या मनात आहे, तुम्ही लिहिलेला नाही. ३ वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने साधारणपणे ३ वर्षांच्या आत घ्यावी लागते, तेव्हा ती टांगती तलवार जन्मभराची नाही. प्रत्येकाला फोन करून कबुली देत बसू नका. सर्व्हिसिंगला मशीन येईल तेव्हा सांगा, पर्याय द्या. आज संध्याकाळी एक काम मात्र करा. तो क्रॅकचा पेनड्राइव्ह दुकानातून कायमचा जाऊ द्या, आणि टेक्निशियनच्या मोबाइलमधल्या टेलिग्राम ग्रुपांबद्दल त्याच्याशी बोला. सध्या तुमच्यावर नोटीस नाही, तक्रार नाही, म्हणून हे सांगू शकतो. नोटीस आल्यावर हेच सांगता आलं नसतं.

आता तो दम देणारा माणूस. खाजगी एजन्सीच्या माणसाला तुमच्या दुकानाची झडती घेण्याचा, मशीन उचलण्याचा, दंड वसूल करण्याचा कोणताही अधिकार नाही. जप्ती करतो तो पोलीस अधिकारी, किंवा दिवाणी दाव्यात न्यायालयाने नेमलेला कमिशनर, आणि त्याच्या हातात न्यायालयाचा आदेश असतो. पुन्हा आला तर नाव, ओळखपत्र आणि कोणत्या कंपनीने दिलेलं अधिकारपत्र, हे मागा आणि काउंटरवरच्या कॅमेऱ्यासमोर मागा. ‘पंचवीस हजारांत मिटवू’ म्हणाला तर ती वसुली आहे, ठाण्यात तक्रार द्या. कॉपीराइट कायद्यातच कलम ६० आहे: निराधार धमक्या देणाऱ्याविरुद्ध दिवाणी दावा लावता येतो. अर्थात धमकी निराधार असली पाहिजे, आणि तुमच्या बाबतीत आजच्या घडीला ती निराधार नाही. म्हणून आधी पेनड्राइव्ह, मग तक्रार, हा क्रम चुकवू नका.

टपालाने किंवा ईमेलवर रीतसर नोटीस आली तर गोष्ट वेगळी. त्या ईमेलवरचा नंबर न लावता कंपनीच्या अधिकृत वेबसाइटवरच्या नंबरवरून खात्री करा. कशालाही हात लावू नका, फॉरमॅट करू नका, फोनवर काही कबूल करू नका. खरेदीची सगळी बिलं, लायसन्सच्या चिठ्ठ्या, डीलरचे ईमेल एका फाइलमध्ये लावा आणि वकिलाकडे जा. बऱ्याच प्रकरणांत कंपनीला तुमच्या जेलमध्ये रस नसतो, थकलेल्या लायसन्सचे पैसे आणि लेखी हमी यावर बोलणी होतात. गुन्हा नोंदला गेल्यावर तडजोड झाली तर तो रद्द करून घ्यायला खंडपीठात यावं लागतं. तारीख, प्रवास आणि वकिलाची फी धरून तो खर्च एखाद-दुसऱ्या लायसन्सपेक्षा नक्कीच जास्त होतो. लातूरहून येणार असाल तर कागद आदल्या दिवशी पाठवून द्या, सकाळी बोर्डावर प्रकरण लागलं की वाचायला वेळ नसतो.